परदेशातल्या साक्षीदाराची व्हीसीने साक्ष : या चुका टाळा

परदेशातल्या साक्षीदाराला व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने, तपासता येते का, हा प्रश्न आता उरलेला नाही. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालीच सांगितले की, उपस्थिती म्हणजे देहाने समोर असणेच असा अर्थ नाही. तरीही साक्षी अडतात, आणि खापर इंटरनेटवर फुटते. खरे तर बऱ्याच वेळा घोळ आधीच्या कागदपत्रांत झालेला असतो.

सगळ्यात साधी चूक वेळेची. साक्षीदाराला नुसते ‘११ वाजता’ कळवले जाते. आपल्याकडे अकरा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात रात्रीचे साडेबारा आणि उन्हाळ्यात दीड वाजलेला असतो. कॅलिफोर्नियात तर आदल्या दिवसाचीच रात्र असते, म्हणजे तारीखही चुकते. अर्जात दोन्हीकडची वेळ आणि तारीख लिहा. अपरात्र आहे म्हणून सवलत मिळेलच असे धरू नका. कर्नाटक उच्च न्यायालयाने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स प्रकरणात, भारतीय कोर्टाच्या वेळेतच साक्ष होईल, वेळेतल्या फरकाची सबब चालणार नाही, अशी अट घातली होती. उलट २६/११ हल्ल्याच्या खटल्यात अमेरिकेतल्या तुरुंगातून डेव्हिड हेडलीने २०१६ मध्ये दिलेली साक्ष मुंबईत सकाळी सातला सुरू झाली होती. वेगळी वेळ हवी असेल तर आधी आणि लेखी मागा.

दुसरी चूक जागेची. साक्षीदार घरच्या सोफ्यावरून लॅपटॉप उघडतो आणि समोरचे वकील पहिल्याच मिनिटाला हरकत घेतात. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-कमिटीने व्हीसीसाठी केलेल्या आदर्श नियमावलीनुसार परदेशी टोकाला भारतीय दूतावासाचा, उच्चायुक्तालयाचा किंवा वाणिज्य दूतावासाचा अधिकारी समन्वयक असतो. ओळख पटवणे, खोलीत कामाशिवाय कोणी नाही हे पाहणे, साक्षीदाराला कोणी पढवत नाही याची खात्री करणे ही त्याची कामे. आपल्या उच्च न्यायालयाने ही नियमावली कोणत्या फरकाने स्वीकारली आहे ते वाचून घ्या. आणि उलटतपास तुम्ही घेणार असाल, तर कॅमेरा खोलीभर फिरवायला सांगायला संकोच करू नका. कानातले इअरफोनही बघा.

खरी दमछाक होते ती कागदांवर. वकील विचारतात, ‘या पत्रावर सही तुमचीच ना?’ पडद्यावर पुसट अक्षरे. साक्षीदार म्हणतो, नीट दिसत नाही. झाले, पुढची तारीख. त्यापेक्षा दावा, कैफियत (दाव्याला दिलेले लेखी उत्तर) आणि निशाणी क्रमांक (कोर्टाने पुराव्याच्या कागदाला दिलेला क्रमांक) घातलेली कागदपत्रे, सलग पृष्ठांक टाकून, साक्षीदाराकडे आधीच पोहोचवा आणि मिळाल्याची पोच कोर्टात दाखल करा. उलटतपासातला हुकमाचा कागद मात्र कोणी आधी दाखवणार नाही, आणि तो आधी मागणेही बरोबर नाही. तो ऐनवेळी स्कॅन करून पाठवावा लागतो, म्हणून तिकडच्या खोलीत प्रिंटर आहे ना, हे आठवडाभर आधी विचारा. उलट कागद साक्षीदाराच्याच हातात असेल, तर त्याची प्रतिमा कोर्टाला पाठवून नंतर साक्षीदार व समन्वयक दोघांच्या सहीची प्रत कुरिअर किंवा स्पीड पोस्टाने यायला हवी.

साक्षीदार कुठल्या देशात बसला आहे, हेही बघा. स्वित्झर्लंडच्या दंडसंहितेचे कलम २७१ परकीय सत्तेसाठी त्यांच्या भूमीवर विनापरवानगी केलेल्या अधिकृत कृत्याला गुन्हा ठरवते. तिथले नियम वकिलातीकडून विचारून घ्या. देसाई प्रकरणातला एक मुद्दा तर अनेकजण विसरतात : साक्षीदार ज्या देशात आहे त्या देशाशी भारताचा प्रत्यार्पण करार असावा, आणि तिथे खोटी साक्ष व न्यायालयाचा अवमान हे गुन्हे असावेत.

मध्येच लिंक तुटली तर गप्प बसू नका. कोणत्या प्रश्नावर आणि किती वाजता तुटली, याची रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) नोंद मागा आणि जोडल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारा. दोन मिनिटांच्या त्या पोकळीत उत्तर बदलले, असा आरोप पुढे युक्तिवादात होऊ शकतो.

उलटतपास संपला की सगळे सुटकेचा नि:श्वास टाकून बाहेर पडतात आणि जबानीवर सही राहून जाते. ती ईमेलने पाठवून, साक्षीदाराने वाचून, समन्वयकासमोर सही करून परत येईपर्यंत लिंक सुरू ठेवा.