दुबईतल्या फिलिपिनो मित्रमैत्रिणींच्या सणाला जायचंय? मग हे आधी वाचा

दुबईत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या आजूबाजूला फिलिपिनो लोक असतातच. अकाउंट्सला बसणारी, हॉस्पिटलमधली नर्स, सलूनमधली, समोरच्या फ्लॅटमधला, आणि वर्षानुवर्षं एकत्र काम करून, एकाच मायक्रोवेव्हसमोर डबा गरम करूनसुद्धा आपलं सणाचं नातं एक मेसेज आणि एक इमोजी एवढंच राहतं. पण ते लोक बोलवतात हो, आणि मनापासून बोलवतात, आपणच "बघू, जमलं तर" करून टाळतो कारण तिकडे जाऊन नक्की करायचं काय हे माहीत नसतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी कॅलेंडर. त्यांचा ख्रिसमस १ सप्टेंबरला सुरू होतो, खरंच सांगतेय. सप्टेंबर ते डिसेंबर हे सगळे महिने त्यांच्या लेखी सणाचेच, त्यामुळे बाहेर अजून घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि यांच्या खिडकीत चांदणीच्या आकाराचा पारोल कंदील लुकलुकायला लागलेला असतो, फोनवर ख्रिसमसची गाणी सुरू. त्याच सुमारास खोलीच्या कोपऱ्यात एक मोठा पुठ्ठ्याचा खोका दिसेल, तो बालिकबायन बॉक्स, म्हणजे घरी पाठवायचा खोका. पगार झाला की त्यात थोडं थोडं पडत जातं, चॉकलेटं, साबण, शाम्पू, टॉवेल, कॉर्न्ड बीफचे डबे, भाच्याचे बूट, आणि बुटांच्या आतसुद्धा मोज्यांचे गोळे आणि टूथपेस्ट कोंबलेली असते कारण एक बोटभर जागा वाया घालवायची नाही. खोका जहाजाने जातो, मनिलाला पोचायला महिना-दीड महिना सहज लागतो, विसायस किंवा मिंदानाओकडे गाव असेल तर अजून जास्त, म्हणून ख्रिसमसला पोचवायचा तर साधारण ऑक्टोबरच्या आत निघावा लागतो. तुम्हाला काही द्यायचं असेल तर तेव्हा द्या. डिसेंबरात दिलेलं मोठं चॉकलेटचं पाकीट मैत्रिणीच्या कपाटात राहतं, सप्टेंबरात दिलेलं तिच्या आईच्या घरी पोचतं, आणि व्हिडिओ कॉलवर खोका उघडताना ती तुमचं नाव सांगते. मी तर म्हणेन गिफ्ट द्यायची हीच वेळ.

आता २४ डिसेंबर, म्हणजे नोचे बुएना, मध्यरात्रीचं जेवण. इथे एक साधा हिशोब लक्षात ठेवा, फिलिपिन्स दुबईच्या ४ तास पुढे आहे, म्हणजे तिकडे रात्रीचे १२ वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे ८ वाजलेले असतात. त्या ८ वाजता प्रत्येकाच्या हातात फोन असतो, तिकडे टेबलावर हॅम, चीजचा लाल गोळा, स्पॅगेटी मांडलेली, म्हातारी आई कॅमेऱ्यात अर्धाच चेहरा दाखवतेय, मुलं ओरडतायत. मग इकडचे १२ वाजले की परत एकदा, आता इथल्या घरातल्या माणसांबरोबर. आणि २५ डिसेंबरला यूएईत सरकारी सुट्टी नसते, त्यामुळे हॉस्पिटल, हॉटेल, मॉल, सलून इथे काम करणाऱ्यांची त्या संध्याकाळी ड्युटी लागलेली असते आणि ८ वाजता ती बाई गिऱ्हाइकाच्या बिलावर स्टेपल मारत असते. तुम्ही आणि तुमची मैत्रीण एकाच ठिकाणी शिफ्टमध्ये काम करत असाल तर सगळ्यात मोठी भेट म्हणजे त्या संध्याकाळची शिफ्ट स्वतःकडे घ्या. हे रोस्टर लागायच्या आधी बोलायचं, नोव्हेंबरात, कारण ती स्वतःहून मागणार नाही, संकोच असतो. आणि हे करताना "तू मग माझी दिवाळीची कर हं" असला व्यवहार तोंडावर करू नका, ती लक्षात ठेवतेच. केक आणि ग्रीटिंगपेक्षा हे शंभरपट मोठं आहे, यावर माझं ठाम मत आहे.

बरं, आमंत्रण त्याच संध्याकाळचं असेल तर ८ ला पोचू नका. एकतर ७ ला जा आणि त्यांच्या कॉलमध्ये हसून हात हलवा, किंवा सरळ साडेनऊनंतर जा.

चर्चला जायचं का? जा की, कोणी अडवत नाही. ख्रिसमसच्या आधी सलग नऊ दिवस सिंबांग गाबी नावाची प्रार्थना असते. फिलिपिन्समध्ये १६ ते २४ डिसेंबर आणि तीही भल्या पहाटे, कारण स्पॅनिश काळात शेतकऱ्यांना शेतात जायच्या आधी प्रार्थना उरकायची असायची. दुबईत मात्र ती संध्याकाळी होते, लोक कामावरून सुटून येतात, युनिफॉर्मवर जॅकेट घालून. नऊच्या नऊ दिवस गेलं की मनातली इच्छा पूर्ण होते असं मानतात, त्यामुळे आठव्या दिवशी कोणाला ऑफिसात उशिरा थांबवू नका प्लीज. ऊद मेथाचं सेंट मेरीज हे मुख्य ठिकाण, तिकडे जेबेल अलीला सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी. सेंट मेरीजला गाडी न्यायच्या भानगडीत पडू नका, मेट्रोच्या ग्रीन लाइनने ऊद मेथा स्टेशनला उतरा आणि गर्दी जाईल तिकडे चालत राहा. आत जागा मिळत नाहीच, लोक अंगणात उभे राहतात, तसंच उभं राहायचं. खांदे-गुडघे झाकलेले कपडे, फोन सायलेंट. कम्युनियनच्या वेळी सगळे रांगेत निघतात तेव्हा आपण जागेवरच थांबायचं, ते फक्त कॅथलिकांसाठी असतं, आणि तुम्ही थांबलात म्हणून कोणाला काही वाटत नाही.

प्रार्थना झाली की खाणं. बिबिंगका मिळाला तर सोडू नका, तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, केळीच्या पानावर भाजलेला, वर खारवलेलं अंडं आणि चीज, गरम असतानाच खायचा. पुतो बुंबोंग जांभळ्या रंगाचा, बांबूच्या नळीत वाफवलेला, वर लोणी आणि किसलेलं खोबरं. कारामा, सतवा आणि देराच्या रिग्गा भागात फिलिपिनो बेकऱ्या आणि रेस्टॉरंट आहेत, तिथे डिसेंबरात विचारा.

घरच्या पार्टीचं आता नीट सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे.

बहुतेक लोक शेअरिंगमध्ये राहतात, एका खोलीत चारजणी, बंक बेड, मध्ये पडदा, त्यामुळे एकाची पार्टी म्हणजे सगळ्या फ्लॅटची पार्टी असते आणि खर्च सगळे मिळून करतात. "मी काय आणू?" विचारलंत तर "काही नको, तू ये फक्त" असंच उत्तर येणार, ते ऐकून हात हलवत जाऊ नका. मोठं आइस्क्रीम, फळं, कोल्ड्रिंकच्या बाटल्या किंवा घरचं काहीतरी गोड, वीसेक माणसांना पुरेल असं. चपला दाराबाहेर. आत गेल्यावर घरात कोणी वयस्कर असेल तर आधी त्यांना भेटा. त्यांच्यात लहानांनी मोठ्यांचा हात आपल्या कपाळाला लावायची पद्धत आहे, तुमच्याकडून कोणी अपेक्षा करत नाही पण त्यांनी हात पुढे केला तर वाकून कपाळाला लावा, खूप खूश होतात. वयाने मोठ्या बाईला आते, मोठ्या पुरुषाला कुया म्हणायचं, नुसत्या नावाने हाक मारणं जरा उद्धट वाटतं.

मग "खाऊन घे, खाऊन घे" सुरू होतं. नाही म्हणू नका, थोडं तरी ताटात घ्या, न खाता बसलेला पाहुणा बघून यजमानाचा जीव कासावीस होतो. वाढदिवस असेल तर पान्सित नावाच्या नूडल्स हमखास असतात, लांब नूडल्स म्हणजे लांब आयुष्य, म्हणून त्या तोडायच्या नाहीत.

शाकाहारी मंडळींनो, तुमच्यासाठी वेगळं. नुसतं "व्हेज" म्हटलं तर त्यांना वाटतं भाज्या असल्या की झालं, आणि त्या भाजीत पातिस म्हणजे माशाचा सॉस नाहीतर बागोओंग म्हणजे कोळंबीचा खार असतो, लुंपिया रोलमध्ये खिमा असतो, पान्सितमध्ये चिकन. म्हणून आमंत्रण आल्या दिवशीच स्पष्ट सांगा की मांस, मासे, कोळंबी, त्यांचा सॉस, अंडं यातलं काय काय चालत नाही, टेबलाशी उभं राहून चौकशी करू नका. सांगितलंत तर तुमच्यासाठी वेगळं करतात, अगदी आठवणीने. बिनधास्त खाता येईल असं बरंच आहे, साधा भात, तुरोन म्हणजे केळं आणि फणस गुंडाळून साखरेत तळलेला रोल, बिको म्हणजे चिकट तांदूळ, गूळसाखर आणि नारळाच्या दुधाचा गोड भात. लेचे फ्लान नावाच्या कस्टर्डमध्ये मात्र अंडं असतं. मांसाहारी पण पोर्क न खाणाऱ्यांनीसुद्धा विचारून घ्या, दुबईत पोर्क सुपरमार्केटच्या वेगळ्या विभागात मिळतं आणि सणाला आणलं जातंच.

कधीकधी बूडल फाइट असते. टेबलभर केळीची पानं, मधोमध भाताची लांब रास, त्यावर मासे, कोळंबी, वांगी, खारवलेलं अंडं, आंबा, आणि सगळे दोन्ही बाजूंना उभे राहून हाताने खातात. ही मूळची त्यांच्या सैन्यातली पद्धत, अधिकारी आणि शिपाई एका पानावर. आपल्याला हाताने जेवायची सवय आहे त्यामुळे आपण इथे एकदम घरचे होतो. फक्त आपल्या समोरचंच खा, पलीकडे हात घालू नका.

जेवण झालं की कराओके. हे टाळता येणार नाही आणि टाळूही नये. त्यांच्यात चांगलं गाणारे खूप आहेत पण बेसूर गाणाऱ्यालाही टाळ्या पडतात, मशीन शंभरपैकी मार्क देतं आणि सगळे ओरडतात. एक इंग्रजी जुनं गाणं तयार ठेवा, हिंदी गाणं म्हणालात तरी चालेल, यूट्यूबवर लावतात. दुसरा गात असताना त्याच्या माइकमध्ये घुसायचं नाही आणि हसायचं तर अजिबात नाही. रात्री उशीर झाला की आवाज कमी करायला तुम्हीही सांगा, शेजाऱ्याने तक्रार केली तर भाडेकरू म्हणून त्रास त्यांना होतो.

निघताना हातात डबा येईल, उरलेलं बांधून देतात. घ्या. आणि तो डबा नंतर रिकामा परत करू नका, हे तर आपल्याला सांगायला नको.

फोटो ढीगभर निघतात. पोस्ट करायच्या आधी मात्र विचारा, यूएईत परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो टाकणं कायद्याने गुन्हा ठरू शकतो.

ख्रिसमस सोडून बाकीचं वर्षही रिकामं नसतं. यासाठी आधी मैत्रिणीचा प्रांत विचारा, कारण प्रत्येक प्रांताचा सण वेगळा आणि इथल्या त्यांच्या संघटनाही बऱ्याचदा प्रांताप्रमाणे असतात. सेबूची असेल तर जानेवारीतला तिसरा रविवार म्हणजे सिनुलोग, बाळ येशूचा, म्हणजे सांतो निन्योचा उत्सव. ती मूर्ती मॅजेलनने १५२१ मध्ये सेबूच्या राणीला बाप्तिस्म्याच्या वेळी दिली होती. नाच सोपा आहे, दोन पावलं पुढे एक मागे, बघता बघता जमतो. बाकोलोदची असेल तर ऑक्टोबरात मासकारा, हसऱ्या मुखवट्यांचा. १९८० मध्ये साखरेचे भाव कोसळले होते, सगळा भाग उसावर जगणारा, त्यात त्याच वर्षी डॉन हुआन बोट बुडून खूप माणसं गेली, आणि त्या वर्षी गावाने हसरे मुखवटे घालून सण सुरू केला. हे माहीत असलं की त्या मुखवट्यांकडे बघायची नजर बदलते. मे महिन्यात सांताक्रूझान, मुली गाऊन घालून फुलांच्या कमानीखालून चालतात. आणि १२ जून हा स्वातंत्र्यदिन, १८९८ चा, त्या सुमाराला मोठे कार्यक्रम असतात, पुरुष बारोंग नावाचा शर्ट घालतात, बायका फुलपाखरी बाह्यांचा पोशाख. यातल्या कुठल्याही कार्यक्रमाला जाताना पूर्ण कुटुंबाला न्या, लहान मुलांचं ते लोक फार करतात.

हिवाळ्यात बास्केटबॉल लीग असतात, आणि उद्घाटनाला प्रत्येक टीम जर्सीत संचलन करते, पुढे टीमची म्यूज म्हणून सॅश घातलेली मुलगी. मॅच बघायला गेलात तरी पुरे. पार्कात पिकनिक असेल तर झाबील किंवा ममझार, एन्ट्री ५ दिरहम, मेट्रोचं नोल कार्ड जवळ ठेवा, आणि बार्बेक्यू फक्त नेमून दिलेल्या जागीच.

पैशाचं एक. त्यांच्यात पालुवागान चालते, म्हणजे आपली भिशीच, दरमहा सगळ्यांनी भरायचं आणि एकेकाने उचलायचं, घरी छप्पर घालायला, पोरांची फी भरायला. तुम्हाला घ्यायला बघतील. ओळखीच्या चार माणसांत ठीक आहे, अनोळखी ऑनलाइन ग्रुपमध्ये नाही. आणि वादळ आलं, पूर आला की आपल्याला वाटतं ऑफिसात वर्गणी काढू या, तर थांबा, यूएईत परवानगीशिवाय देणग्या गोळा करणं बेकायदा आहे. एमिरेट्स रेड क्रेसेंटसारख्या अधिकृत संस्थेला द्या, किंवा मैत्रिणीच्या घरचं नुकसान झालं असेल तर तिला स्वतः, एकटीने, हातात द्या.

शेवटचा कार्यक्रम म्हणजे देस्पेदिदा, निरोपाची पार्टी. दुबई अनेकांसाठी मधला टप्पा असतो, कोणी कॅनडाला जातं, कोणी कायमचं गावी. याला नक्की जा. जाड वस्तू भेट देऊ नका, बॅगेत जागा नसते, पाकिटात पैसे द्या आणि वर दोन ओळी हाताने लिहा. गाडी असेल तर एअरपोर्टला सोडायचं आधीच कबूल करा आणि येताना सामानाचा वजनकाटा आणा, कारण त्या रात्री बॅग तीनदा उघडली जाते आणि शेवटी काहीतरी राहतंच. ते राहिलेलं तुम्ही ठेवून घ्या आणि फ्लॅटमधलं पुढचं कोणी खोका भरेल तेव्हा त्यात घालायला द्या, पत्ता तेवढा आठवणीने लिहून घ्या.