नेटच्या दोन लाईनी घेतल्यात ना? मग एकदा केबल काढून बघा

सिक्युरिटी एकाकडे, कंप्लायन्सची (कायदे-नियम पाळल्याची) एक्सेल शीट दुसऱ्याकडे आणि नेट गेलं की फोन तिसऱ्याला, बहुतेक ऑफिसात हेच चालतं. पण गडबड होते त्या दिवशी तिन्ही एकदमच अंगावर येतात, म्हणून तयारीपण एकत्रच करा.

पहिलं काम लॉगिन अकाउंट्सचं. मे २०२१ मध्ये हल्ल्यामुळे अमेरिकेतली कोलोनियल ही इंधनाची पाइपलाइन बंद पडली, तिथे हॅकर घुसले ते एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायची वाट) अकाउंटवरून, त्यावर मल्टी-फॅक्टर (पासवर्डशिवाय आणखी एक खातरजमा) नव्हतं, बास. एचआरकडून सोडून गेलेल्यांची यादी घ्या आणि व्हीपीएन, मेल, क्लाउड सगळीकडच्या युजर लिस्टशी ताडून बघा. व्हेंडरला "दोन दिवसांपुरतं" दिलेलं एखादं अकाउंट हमखास सापडतं. उरलेल्या सगळ्यांना मल्टी-फॅक्टर लावा, साहेबांनापण (जास्त कुरकुर तेच करणार).

पॅचबद्दल (सॉफ्टवेअरमधली फट बुजवणारा अपडेट) एवढंच, की फायली लॉक करून खंडणी मागणारा वॉनाक्राय आला मे २०१७ मध्ये आणि त्याचा पॅच मार्चमध्येच आलेला होता, कित्येकांनी लावलाच नव्हता.

आता नेट. दोन कंपन्यांच्या लाईनी घेतल्या म्हणजे झालं असं लोकांना वाटतं, पण कित्येकदा दोन्ही फायबर बिल्डिंगमध्ये एकाच डक्टमधून येतात, एक जेसीबी आला की दोन्ही गेल्या. म्हणून रूट कुठून येतो ते दोघांकडून लेखी मागा, आणि जमलं तर दुसरी लाईन वायरलेस घ्या. मग आधी सगळ्यांना सांगून, कमी कामाच्या वेळी मेन लाईनची केबल सरळ काढा आणि अर्धा तास दुसरीवर काम करा. लाईन शिफ्ट होते, ब्राउझर चालतो, सगळे खूश, आणि तेवढ्यात अकाउंट्सवाले येतात की पेमेंट पोर्टल उघडत नाहीये. कारण समोरच्याने तुमचा जुना पब्लिक आयपीच (इंटरनेटवरचा तुमचा पत्ता) व्हाइटलिस्ट केलेला, म्हणजे परवानगीच्या यादीत टाकलेला असतो, दुसऱ्या लाईनचा आयपी त्याला माहितीच नाही. असली गोष्ट कागदावर कधीच दिसत नाही. आणि हो, दुसऱ्या लाईनवर फायरवॉलचे तेच रूल लागतायत ना तेपण त्याच वेळी बघून घ्या, इमर्जन्सी लाईन म्हणून सगळं उघडं सोडलेलं असतं.

कंप्लायन्समध्ये खरी अडचण घड्याळाची. जीडीपीआरमध्ये (युरोपचा डेटा कायदा) पर्सनल डेटा फुटल्याचं कळल्यापासून ७२ तासांत कळवायचं असतं, भारतात सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ६ तासांत, आणि लॉग (सिस्टिममध्ये काय घडलं त्याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे. पण फायरवॉलची मेमरी भरली की जुने लॉग आपोआप उडतात, तेव्हा ते वेगळ्या सर्व्हरवर पाठवा. सगळ्या मशीन एकाच एनटीपीवर (घड्याळं जुळवणारा सर्व्हर) आणि एकाच टाइम झोनवर लावा, नाहीतर एकाचा लॉग यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ), दुसरा लोकल टाइममध्ये, आणि आधी काय घडलं हे जुळवण्यातच ते ६ तास संपतात.

बॅकअपची एक कॉपी नेटवर्कपासून तोडून ठेवा, आणि एक फोल्डर खरोखर रिस्टोर करून बघा, नुसता हिरवा टिक बघू नका.

शेवटचं काम प्रिंटरवर. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक बंद पडलं तेव्हा त्यांची आतली टूल्सपण त्याच नेटवर्कवर होती, तीपण गेली. तेव्हा आयएसपीचे (नेट देणाऱ्या कंपन्यांचे) नंबर, दोन्ही लाईनींचे सर्किट आयडी (कंपनीने लाईनला दिलेला ओळख क्रमांक) आणि घटना कुणाला कळवायची त्यांचे पत्ते छापून रॅकवर चिकटवा. सर्किट आयडी नक्की लिहा, हेल्पलाइनवाले पहिला प्रश्न तोच विचारतात.