फायटर माशाचा फाटलेला पर: सांगलीच्या पाण्यात केलेला उपाय

पर फाटला की आधी कारण काढलं. टाकीतल्या प्लास्टिकच्या झाडावरून जुना नायलॉनचा मोजा फिरवला. जिथे धागा अडकला, तिथेच पर अडकत होता. ते झाड बाहेर.

मासा ५ लिटरच्या स्वच्छ टबात वेगळा ठेवला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून क्लोरीन मारायचे थेंब घालूनच पाणी वापरलं. मीठ लिटरला १ ग्रॅम, जाडं, बिनआयोडीनचं, आधी मगभर पाण्यात विरघळवून. खडे थेट टाकले तर अंगाला चटका बसतो. रोज २ लिटर पाणी बदललं आणि फक्त २ ग्रॅम मीठ परत घातलं. इथेच बहुतेकांचं चुकतं: मीठ उडून जात नाही, दरवेळी पूर्ण मात्रा घातली की ते साठत जातं. दहा दिवसांनंतर मीठ बंद.

आपल्याकडे जखम म्हटली की हात हळदीकडे जातो. टबात हळद नकोच. ती विरघळत नाही, तळाशी बसून पाणी नासवते. त्यापेक्षा देशी बदामाचं वाळून गळलेलं एक पान धुऊन टाकावं. पाणी चहासारखं होतं, ते चालतं.

थंडीत रात्री पाणी गार पडतं, म्हणून २५ वॅटचा हीटर लावून २६ ते २८ अंश राखले. वर झाकण हवं, पण हवेला फट ठेवून, कारण हा मासा पृष्ठभागावर येऊन श्वास घेतो.

नवा पर आधी काचेसारखा पारदर्शक येतो. कडा काळी किंवा लाल होऊन आत सरकत असेल, तर ती पर कुजण्याची लागण. तिथे मिठावर विसंबू नये.