रद्दीवाला नंतर बोलवा, आधी थेरपिस्ट शोधा

आमच्या बाबांचं डोंबिवलीतलं घर वन बीएचके आहे, पण गेली सात-आठ वर्षं त्यातलं बेडरूम फक्त नावाला बेडरूम होतं. पेपरचे गठ्ठे खिडकीच्या वर गेलेले, दुधाच्या धुऊन वाळवलेल्या पिशव्या, श्रीखंडाचे रिकामे डबे, बंद पडलेले तीन मिक्सर, आणि लोकांच्या लग्नपत्रिका, का तर मागची बाजू कोरी असते. आई हॉलमध्ये झोपायची. काहीही टाकायला काढलं की बाबांचं एकच, असू दे, लागेल कधीतरी.

मग एकदा ते गावी लग्नाला गेले तेव्हा मी आणि दादाने रद्दीवाला बोलवून एक टेम्पो भरून सामान काढलं, आम्हाला वाटलं किती मोठं काम केलं. बाबा आले, काहीच बोलले नाहीत, चप्पल घालून खाली गेले आणि रद्दीच्या दुकानातून स्वतःचेच दोन गठ्ठे पैसे देऊन परत घेऊन आले. त्यानंतर दोन महिने आमच्याशी बोलणं बंद, आणि वर्षभरात खोली पहिल्यापेक्षा जास्त भरली. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते की त्यांच्या मागे सफाई करू नका. वस्तू परत येतात, विश्वास येत नाही, आणि पुढे थेरपीला चला म्हटलं की त्यांना त्यातही टेम्पोच दिसतो.

असं वस्तू साठवत राहणं हा आळस नाही, चिंगूसपणा पण नाही. २०१३ पासून अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या यादीत आणि आता डब्ल्यूएचओच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीतही होर्डिंग डिसऑर्डर हा वेगळा आजार म्हणून आहे. वस्तू टाकताना खराखुरा त्रास होतो, आणि पसारा इतका वाढतो की किचन किचनसारखं वापरता येत नाही. बऱ्याचदा सुरुवात तरुणपणीच होते आणि वयाबरोबर वाढत जाते. पण ज्या माणसाचं घर आयुष्यभर टापटीप होतं त्याने साठीनंतर अचानक वाट्टेल ते गोळा करायला लागलं, सोबत विसरणं, स्वभाव बदलणं असं काही असेल, तर थेरपिस्टच्या आधी सायकियाट्रिस्ट किंवा न्यूरोलॉजिस्टला दाखवा, कारण डिमेन्शियातही असं होतं.

आता शोधायचा कोणाला. आपल्याकडे सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर सगळं एकच समजतात, तसं नाहीये. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर, या तिघांत गोळ्या तोच देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी करतात, आणि त्यांच्याकडे आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन असतं, त्याला सीआरआर नंबर म्हणतात, तो बिनधास्त विचारा आणि आरसीआयच्या साइटवर बघून घ्या, त्यात लाजायचं काही नाही. काउन्सेलर शब्दाला मात्र तसं कुंपण नाही, सहा आठवड्यांचा कोर्स करूनही लोक पाटी लावतात. चांगले काउन्सेलर असतातच, पण होर्डिंगसाठी मी तरी आधी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच बघेन.

गोळीबद्दल पण सांगते, कारण आमच्याकडे पहिला प्रश्न हाच होता की गोळीने जाईल का. खास होर्डिंगसाठी बनलेली अशी गोळी नाही. सोबत डिप्रेशन किंवा ओसीडी (तेच तेच विचार आणि त्याच त्याच कृती थांबवता न येणं) असेल, बरेचदा असतं, तर त्याच्या गोळ्यांनी फरक पडतो, पण खरं काम सीबीटी नावाच्या थेरपीचं, म्हणजे विचार आणि सवयी सरावाने हळूहळू बदलायच्या.

शोध कुठून सुरू करायचा? पैशाची अडचण असेल किंवा गाव लहान असेल तर जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी. तिथे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते आणि त्यात सायकॉलॉजिस्टची पोस्ट असते, ती भरलेली आहे का ते फोन करून विचारा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, तिथे ओपीडी पण असते, नाव ऐकून घाबरू नका, दाखवायला गेलं म्हणजे ॲडमिट करतात असं नाही. मुंबईत केईएम, सायन, नायर ही हॉस्पिटलं आहेत, ठाण्यात आयपीएच म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे, गोव्यात बांबोळीची आयपीएचबी, म्हणजे तिथलं सरकारी मानसोपचार हॉस्पिटल. काहीच सुचत नसेल तर १४४१६ लावा, ही सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, आणि तुमच्या जवळ कुठे जायचं ते विचारता येतं. प्रायव्हेटमध्ये बघायचं तर गुगलवर होर्डिंग टाकून फार काही मिळत नाही, जाहिरातींच्या होर्डिंगवाल्यांचेच नंबर येतात, खरंच, मी एकाला फोन पण लावला होता. त्याऐवजी ओसीडी आणि सीबीटी असं टाकून गावाचं नाव टाका, कारण जे ओसीडीचं काम करतात त्यांना होर्डिंग माहीत असण्याची शक्यता जास्त.

नावं मिळाली की फोनवरचे पाच मिनिटं सगळ्यात महत्त्वाचे. मी नऊ जणांना फोन केले. एकाने सांगितलं आधी घर साफ करून घ्या मग पेशंटला आणा, म्हणजे ताप उतरला की दवाखान्यात या असं झालं. एक बाई म्हणाल्या की बाबांना जरा कडक बोला. असं कोणी बोललं की थँक्यू म्हणून ठेवून द्यायचा. मी विचारायचे की होर्डिंगची केस आधी केली आहे का, नसेल तर ओसीडीची किती केलीत, वस्तू टाकायचा सराव सेशनमध्ये करून घेता का नुसतं बोलणं असतं, घरी येता का, येत नसाल तर व्हिडिओ कॉलवर खोली बघाल का, आणि मराठीत सेशन घेता का. शेवटचा प्रश्न छोटा वाटतो पण बाबांना "ही वस्तू तुमच्या आईची आहे म्हणून जड जातंय का" हे इंग्लिशमध्ये विचारलं असतं तर ते फक्त यस म्हणाले असते. ज्यांच्याकडे शेवटी गेलो त्या मॅडमनी होर्डिंगच्या दोनच केसेस केल्या होत्या आणि तसं सरळ सांगितलं, मला तेच आवडलं. अनुभव कमी असला तरी शिकून करायची तयारी असलेला माणूस मिळाला तरी चालेल, कारण आपल्याकडे फक्त होर्डिंग करणारा तज्ज्ञ जवळपास मिळणं कठीणच आहे.

एक सोपी गोष्ट करून ठेवा. क्लटर इमेज रेटिंग म्हणून फोटोंचा एक संच नेटवर मिळतो, किचन, बेडरूम आणि हॉल, प्रत्येकाचे नऊ फोटो, मोकळ्या खोलीपासून छतापर्यंत भरलेल्या खोलीपर्यंत. आपली खोली कुठल्या फोटोसारखी दिसते तो नंबर धरायचा, ४ किंवा त्याच्या वर असेल तर मदत घ्यायची वेळ आली समजा. आमचं बेडरूम ७ आलं. फोनवर "खूप पसारा आहे हो" म्हणण्यापेक्षा हा नंबर सांगितला की समोरच्याला लगेच कळतं, आणि ज्याला हे रेटिंग माहीतच नाही त्याचाही अंदाज येतो.

आता पेशंटच तयार नसेल तर? बहुतेक घरांत हेच असतं. जबरदस्ती करून उपयोग नाही, आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही उपचारासाठी माणसाची संमती मागतो, अगदी गंभीर परिस्थिती सोडली तर. आम्ही काय केलं, पहिल्या दोन सेशनला मी आणि आईच गेलो. घरच्यांनी एकटं जाऊन सल्ला घेता येतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मॅडमनी सांगितलं की पसारा हा शब्दच वापरू नका, बाबांना स्वतःला कशाचा त्रास होतो ते शोधा. बाबांचा गुडघा दुखत होता आणि रात्री बाथरूमला जाताना ते दोनदा गठ्ठ्यांना अडखळले होते. मग आई एवढंच म्हणाली, अहो, बाथरूमपर्यंतची वाट मोकळी कशी करायची ते विचारायला एक मॅडम आहेत, येता का. आले. गॅसजवळ पेपर, दरवाजा अर्धाच उघडणं, पडायची भीती, बोलणं इथूनच सुरू करा, टापटिपीवरून नको.

पहिल्या भेटीला मोबाइलवर फोटो न्या (त्यांना विचारून काढलेले), चालू गोळ्यांची यादी न्या, आणि घरातल्या वस्तूंची एक पिशवी न्या. आमची पिशवी श्रीखंडाच्या डब्यांची होती. मॅडमनी एक डबा बाबांच्या हातात दिला आणि विचारलं, हा टाकला तर शून्य ते शंभरमध्ये किती त्रास होईल. बाबा म्हणाले ऐंशी. डबा टेबलावर त्यांच्यापासून लांब ठेवला, दुसरंच बोलणं काढलं, वीस मिनिटांनी परत विचारलं तर चाळीस. काम हे असं चालतं, एकेक डबा. एका तासात चार डब्यांचा निर्णय झाला आणि दादा घरी येऊन म्हणाला एवढ्याला पंधराशे रुपये दिले का!

खर्चाचं सांगायचं तर मला प्रायव्हेटमध्ये हजारापासून अडीच हजारापर्यंत सांगितले, आणि होर्डिंगची सीबीटी पाच-सहा सेशनमध्ये संपत नाही, वीसच्या पुढे जाऊ शकते. त्यामुळे आधीच विचारा की कमी फीचा स्लॉट आहे का, पंधरा दिवसांनी एकदा चालेल का, एक आड एक सेशन ऑनलाइन घ्याल का. मानसिक आजाराला इन्शुरन्समध्ये शारीरिक आजारासारखंच धरायचं असं २०१७ च्या त्याच कायद्यात आहे, पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झालं तरच पैसे देतात, त्यामुळे थेरपीच्या फीसाठी आपली पॉलिसी वाचून घ्या.

सात-आठ सेशन झाले आणि घरी करायचं काहीच दिलं नाही, नुसत्या गप्पा होतायत असं वाटलं तर तसं तोंडावर विचारा, आणि तरी बदल नसेल तर दुसरा शोधा. खोली किती मोकळी झाली हे मात्र लगेच मोजू नका, आधी नवीन यायचं थांबलं का ते बघा. आमच्याकडे पहिला फरक कुठे दिसला माहितेय, दिवाळीत मिठाईचा रिकामा बॉक्स बाबांनी धुतला, पुसला, दोन दिवस ओट्यावर ठेवला आणि तिसऱ्या दिवशी स्वतः कचऱ्याच्या डब्यात टाकला. आईने मला ऑफिसमध्ये फोन करून सांगितलं, हळू आवाजात, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून.