दोन इंजिनांची डिझेल लाँच : थ्रॉटल केबल का तापत होती

बामणोलीला, शिवसागर जलाशयावरच्या लाँचची तक्रार: डावं इंजिन उजव्या बॅटरीवर स्टार्ट केलं की सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) कण्हत फिरायचा आणि थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारी, केबल चटका बसेल इतकी तापायची. संशय बॅटरीवर होता, दोष निघाला अर्थिंगचा, म्हणजे निगेटिव्ह जोडणीचा.

एका बाजूचं इंजिन दुसऱ्या बाजूच्या बॅटरीवर सुरू करायला जो पॅरलल स्विच असतो, तो दोन बॅटऱ्यांचे फक्त पॉझिटिव्ह जोडतो. दोन्ही इंजिनांचे ब्लॉक (इंजिनाचा लोखंडी सांगाडा) जाड निगेटिव्ह केबलने जोडलेले नसले, तर सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंट परत जायला मिळेल ती वाट धरतो: थ्रॉटल केबल, आरपीएम मीटरची बारीक वायर. आग लागलीच तर ती इथूनच.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एकेक प्रोब एकेका ब्लॉकवर टेकवला. सेल्फ मारताना ०.२-०.३ व्होल्टच्या आत हवं. इथे २ च्या वर. दोन ब्लॉकमध्ये ५० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली, टोकाचे लग (बोल्टला अडकवायच्या धातूच्या कड्या) नीट दाबून क्रिंप केले, बोल्टखालचा रंग घासून चकचकीत लोखंड उघडं केलं. आता ०.१.

उजव्या बॅटरीच्या दोन्ही केबल काळ्या, पॉझिटिव्हची खूण असलेली लाल टेप गळून पडलेली. हे फार धोक्याचं. बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब निगेटिव्हपेक्षा किंचित जाड असतो. क्लिप ठोकून बसवावी लागली तर थांबा, मीटर लावा. उलटी जोडणी झाली की अल्टरनेटरचे (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे) डायोड क्षणात उडतात. इंजिन चालू असताना बॅटरीचा मेन स्विच बंद केला तरी तेच.

निगेटिव्ह आधी काढा, शेवटी लावा. मग दोन्ही इंजिनं चालवून प्रत्येक बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट येतात का बघा.