जुनी पीएस फाइल छपाईसाठी कशी तयार करावी? घोस्टस्क्रिप्ट वापरण्याची पद्धत

महाराष्ट्रातल्या अनेक मंडळांकडे आणि छोट्या प्रकाशकांकडे जुन्या स्मरणिका, दिवाळी अंक सीडीवर पडून आहेत. डीटीपीवाल्याने पेजमेकर या पानं लावण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून ‘प्रिंट टू फाइल’ करून दिलेल्या पीएस किंवा पीआरएन फाइली. आता पेजमेकर नाही, तो ऑपरेटरही नाही, आणि अंक पुन्हा छापायचा आहे. अशा वेळी लोक सगळा मजकूर नव्याने टाइप करायला बसतात. त्याआधी एक संध्याकाळ घोस्टस्क्रिप्टला द्यावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

पान कसं काढायचं याच्या सूचना पीएस फाइलमध्ये प्रोग्रामसारख्या लिहिलेल्या असतात. ही पोस्टस्क्रिप्ट भाषा अडोबीने १९८४ मध्ये आणली आणि १९८५ मध्ये ॲपलच्या लेझररायटर प्रिंटरमधून ती डीटीपीत शिरली. प्रिंटरमधला इंटरप्रिटर त्या सूचना वाचून कागदावर ठिपके पाडतो. तेच काम कॉम्प्युटरवर करणारा घोस्टस्क्रिप्ट एल. पीटर डॉइच यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. आता आर्टिफेक्स कंपनी तो सांभाळते आणि स्वतःच्या वापरासाठी तो मोफत मिळतो.

आधी फाइल तपासा

फाइलची एक प्रत करा आणि ती नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्या ओळीत टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि लगेच ‘पीएस’ दिसलं, तर काम होणार. पीआरएन फाइलमध्ये ही ओळ कुठेच नसेल, तर ती बहुधा पीसीएल या प्रिंटरच्या दुसऱ्या भाषेत आहे. ती घोस्टस्क्रिप्ट वाचत नाही, त्यासाठी आर्टिफेक्सचाच घोस्टपीसीएल घ्यावा लागतो.

फाइल उघडलीच आहे तर ‘डॉक्युमेंट नीडेड रिसोर्सेस’ आणि ‘डॉक्युमेंट सप्लाइड रिसोर्सेस’ या ओळीही शोधा. पहिलीत बाहेरून लागणाऱ्या फॉन्टांची नावं असतात, दुसरीत फाइलमध्येच भरलेल्या. तुमचा मराठी फॉन्ट दुसऱ्या यादीत असेल तर निम्मी लढाई जिंकलीच.

इन्स्टॉल करा

विंडोजसाठी घोस्टस्क्रिप्टच्या अधिकृत साइटवरून ६४ बिटांची आवृत्ती घ्या. मॅकवर होमब्र्यू या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाने बसवता येतो. उबुंटूसारख्या लिनक्सवर तो बहुतेक वेळा आधीच असतो, कारण छपाईची यंत्रणा त्याच्यावर अवलंबून असते. आवृत्ती ९.५० किंवा त्यापुढचीच घ्या. पोस्टस्क्रिप्ट ही पूर्ण प्रोग्रामिंग भाषा असल्याने अनोळखी फाइल तुमच्या डिस्कवरच्या इतर फाइली वाचू किंवा पुसू शकते. ९.५० पासून तिला अडवणारी ‘सेफर’ सोय आपोआप चालू असते.

आज्ञा टर्मिनलमध्ये, विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये टाइप करायच्या. लिनक्स आणि मॅकवर आज्ञेचं नाव ‘जीएस’. विंडोजवर ‘जीएसविन६४सी’. शेवटचा ‘सी’ विसरला तर वेगळी खिडकी उघडते आणि संदेश तिथे जातात. विंडोजला ही आज्ञा सापडली नाही, तर घोस्टस्क्रिप्टच्या ‘बिन’ फोल्डरचा पूर्ण पत्ता नावाआधी द्या.

खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. हायफननंतरचं पहिलं अक्षर नेहमी लहान. पुढे ‘डिव्हाइस’ हा शब्द पूर्ण कॅपिटलमध्ये, पण बरोबरच्या चिन्हानंतरचं डिव्हाइसचं नाव लहान अक्षरांत. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक इथे चालवून घेतला जात नाही.

पीडीएफ बनवा

जीएस -ओ अंक.पीडीएफ -एसडिव्हाइस=पीडीएफराइट -डीपीडीएफसेटिंग्ज=/प्रीप्रेस अंक.पीएस

‘ओ’ म्हणजे आउटपुट. तो दिला की प्रत्येक पानाला एंटर दाबत बसावं लागत नाही आणि काम संपल्यावर प्रोग्राम स्वतः बंद होतो. ‘पीडीएफसेटिंग्ज’ पूर्ण कॅपिटलमध्ये, आणि त्यापुढे ‘प्रीप्रेस’ लहान अक्षरांत लिहायचं. फाइल लहान करण्यासाठी ‘स्क्रीन’ वापरा असा सल्ला सर्रास दिला जातो. छपाईसाठी तो घातक आहे, कारण त्यात फोटो इंचाला ७२ ठिपक्यांवर आणले जातात. ‘प्रीप्रेस’मध्ये ते ३०० वर राहतात.

स्क्रीनवर येणारे संदेश नीट वाचा. संदेश दाबणारा ‘क्यू’ पर्याय पहिल्या वेळी मुळीच देऊ नका. ‘सबस्टिट्यूटिंग फॉन्ट’ अशी ओळ दिसली की थांबायचं, कारण मराठीचं खरं दुखणं इथेच आहे.

फॉन्ट हरवला असेल तर

श्रीलिपी, आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरांच्या जुन्या फॉन्टांत देवनागरीचे तुकडे (काना, वेलांटी, अर्धी अक्षरं) इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. फाइलमध्ये फॉन्ट नसेल तर घोस्टस्क्रिप्ट त्याऐवजी आपल्याकडचा एखादा रोमन फॉन्ट लावतो आणि आख्खा अग्रलेख इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरच्या चिन्हांनी भरून येतो. मजकूर शाबूत असतो, हरवलेला असतो फक्त त्याचा फॉन्ट. मंगलसारखा युनिकोड फॉन्ट इथे कामाचा नाही. मूळचाच फॉन्ट हवा आणि त्याचं अंतर्गत नाव संदेशातल्या नावाशी तंतोतंत जुळायला हवं. तुमच्या किंवा त्या डीटीपीवाल्याच्या जुन्या पॅकेजमधून तो मिळाला की ‘फॉन्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि पुन्हा चालवा. ‘फॉन्टपाथ’ कॅपिटलमध्ये:

जीएस -ओ अंक.पीडीएफ -एसडिव्हाइस=पीडीएफराइट -डीपीडीएफसेटिंग्ज=/प्रीप्रेस -एसफॉन्टपाथ=फॉन्ट्स अंक.पीएस

आता पानं डोळ्यांनी तपासायची. पीडीएफमधून चित्रं काढा:

जीएस -ओ पान-%०३डी.पीएनजी -एसडिव्हाइस=पीएनजी१६एम -आर१५० अंक.पीडीएफ

टक्क्यापासूनच्या तुकड्यामुळे प्रत्येक पानाची वेगळी फाइल होते. विंडोजच्या बॅच फाइलमध्ये मात्र टक्क्याचं चिन्ह दोनदा द्यावं लागतं. ‘आर’ म्हणजे इंचाला किती ठिपके. तो दिला नाही तर ७२ धरले जातात आणि अनुस्वार नीट दिसत नाहीत.

तपासताना नुसती नजर फिरवून भागत नाही. रफार कुठे पडलाय ते पाहा. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ट्र’, ‘द्ध’ शोधा. जुन्या फॉन्टांत बरीच जोडाक्षरं १२८ च्या पुढच्या जागांवर असत. एन्कोडिंग (कोणत्या जागेवर कोणतं अक्षर, ही जुळणी) बिघडलं की साधी अक्षरं जशीच्या तशी राहतात आणि नेमकी हीच गळतात. ‘राम गेला’ बरोबर दिसलं म्हणून ‘विद्यार्थी’ बरोबर असेलच असं नाही. या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर अगम्य अक्षरं मिळतील, त्याने घाबरू नका. कागदावर अक्षरं बरोबरच उमटतात.

पानाचा वरचा किंवा खालचा भाग कापला जात असेल, तर कागदाचा आकार पाहा. एफोर ५९५ बाय ८४२ पॉइंटांचा असतो, अमेरिकी लेटर ६१२ बाय ७९२ चा. पीडीएफच्या आज्ञेत -एसपेपरसाइझ=एफोर, -डीफिक्स्डमीडिया आणि -डीफिटपेज वाढवा. पहिले दोन शब्द कॅपिटलमध्ये, तिसऱ्यात फक्त एफ आणि पी मोठे. आकारातले ‘ए’ आणि ४ मात्र लहान अक्षरात आणि आकड्यात.

प्रेसने टिफ मागितली तर

बहुतेक प्रेसना पीडीएफच हवी असते. टिफच (पानाची ठिपक्यांची चित्रफाइल) मागितली तर फक्त मजकुराच्या पानांना ‘टिफजी४’ डिव्हाइस आणि -आर६०० द्या. हा प्रकार फॅक्ससाठीचा असल्याने ठिपके सांगितले नाहीत तर फॅक्सइतकेच मिळतात. फोटोंच्या पानांना ‘टिफग्रे’ आणि ३०० पुरे. ‘टिफजी४’मध्ये फोटोची जाळी (छटा दाखवणारे काळे-पांढरे ठिपके) आधीच पडते, आणि प्रेसने त्यावर आपली जाळी टाकली की नक्षी उमटते. रंगीत एफोर पान ३०० वर २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचं होतं, म्हणजे फाइल कॉम्प्रेस करण्याआधी सुमारे २६ एमबी. ६०० वर चौपट. गरजेपेक्षा जास्त आकडा टाकून काही मिळत नाही.

शाईचा हिशेब

छपाईचा दर ठरवताना रंगीत पानं किती, हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर घोस्टस्क्रिप्ट देतो:

जीएस -ओ - -एसडिव्हाइस=इंककव्ह अंक.पीडीएफ

‘इंककव्ह’चं स्पेलिंग इंक आणि त्याला जोडून सी, ओ, व्ही. प्रत्येक पानासाठी चार आकडे येतात: सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा. पहिले तीन शून्य असतील तर ते पान एकरंगी. डोळ्यांना काळं दिसणाऱ्या पानावर चारही आकडे जवळपास सारखे आले, तर तिथला काळा रंग आरजीबीतून (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतून) तयार झालेला आहे. ते पान तसंच गेलं तर बारीक टाइप चार प्लेटांवर छापला जाईल आणि प्लेट केसभर सरकली तरी अक्षरांच्या कडेला रंग फुटतील.

अशी पानं वेगळी काढून करडी करा. समजा ती ५ ते ६० आहेत:

जीएस -ओ आत.पीडीएफ -एसडिव्हाइस=पीडीएफराइट -डीपीडीएफसेटिंग्ज=/प्रीप्रेस -डीफर्स्टपेज=५ -डीलास्टपेज=६० -एसकलरकन्व्हर्जनस्ट्रॅटेजी=ग्रे -डीप्रोसेसकलरमॉडेल=/डिव्हाइसग्रे अंक.पीडीएफ

इथल्या नव्या पर्यायांत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, बाकीची लहान. तयार झालेल्या फाइलवर ‘इंककव्ह’ पुन्हा चालवा. पहिले तीन रकाने शून्य आले, की त्या ५६ पानांसाठी एकरंगी दर मागा.