कृष्णविवरे आणि स्ट्रिंग सिद्धांत: अट गाळली की विधान फसते, या चुका टाळा

‘स्ट्रिंग सिद्धांताने कृष्णविवरांच्या एन्ट्रॉपीचे कोडे सोडवले’ हे वाक्य लेखांत, व्याख्यानांत आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांत वारंवार आढळते. (स्ट्रिंग सिद्धांत म्हणजे मूलकण हे कंप पावणारे अतिसूक्ष्म धागे आहेत असे मानणारा सिद्धांत; एन्ट्रॉपी म्हणजे बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या प्रणालीच्या आत किती सूक्ष्मावस्था शक्य आहेत याचे माप.) हे वाक्य खोटे म्हणता येत नाही. परंतु कोणत्या प्रकारच्या कृष्णविवरांचे, किती मितींमध्ये आणि कोणत्या गृहीतकांखाली, एवढे त्यातून गाळले जाते आणि बरोबर विधान चुकीच्या विधानात बदलते. या विषयात माझ्या पाहण्यात येणाऱ्या बहुतेक चुका याच जातीच्या आहेत. गणित बरोबर असते, वाक्यही ओळखीचे असते, मात्र त्याला चिकटलेली अट वाटेत कुठेतरी गळून पडलेली असते.

क्षितिजाविषयीच्या जुन्या चुका

सर्वांत जुनी चूक म्हणजे कृष्णविवर आसपासचे सर्व काही ओढून घेते, ही समजूत. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर ठेवले, तर पृथ्वीची कक्षा आहे तशीच राहील, कारण दूरवरच्या गुरुत्वाकर्षणाला केवळ एकूण वस्तुमान कळते. त्या कृष्णविवराच्या क्षितिजाची, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर येऊ शकत नाही त्या सीमेची, त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर असेल आणि वेगळेपणा जाणवेल तो त्याच्या अगदी जवळ गेल्यावर.

दुसरी चूक घनतेची आहे. क्षितिजाची त्रिज्या वस्तुमानाच्या समप्रमाणात वाढते, त्यामुळे वस्तुमानाला त्या त्रिज्येच्या गोलाच्या घनफळाने भागून मिळणारी ‘घनता’ वस्तुमानाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. एम-८७ दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट आहे आणि त्याची अशी घनता दर घनमीटरला अर्धा किलोग्रॅमसुद्धा भरत नाही. पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळची हवा त्याहून दाट असते. (हा आकडा तुलनेपुरताच घ्यावा, कारण क्षितिजाच्या आतील अवकाशाला साध्या गोलाचे घनफळ लागू पडत नाही.) पडणाऱ्याला ताणणारे भरतीचे बलही क्षितिजापाशी याच प्रमाणात घटते. म्हणून ‘क्षितिजाशी पोहोचताच वस्तूच्या चिंध्या होतात’ हे लहान कृष्णविवरांबाबत खरे आणि महाकाय कृष्णविवरांबाबत खोटे आहे.

हॉकिंग प्रारण: चित्र आणि गणित

स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये मांडलेले प्रारण समजावताना क्षितिजापाशी कण आणि प्रतिकण यांची जोडी निर्माण होते, प्रतिकण आत पडतो आणि कण बाहेर निसटतो, असे चित्र रंगवले जाते. या चित्रातून निदान दोन चुका उद्भवतात. प्रतिकणाची ऊर्जा ऋण असते म्हणून कृष्णविवराचे वस्तुमान घटते, असे अनेक जण लिहितात. वास्तविक प्रतिकणाचीही ऊर्जा धनच असते. आत पडणाऱ्या भागाची ऊर्जा दूरच्या निरीक्षकाच्या मापनात ऋण ठरते आणि तो भाग कणाचा असो की प्रतिकणाचा, त्याने फरक पडत नाही. शिवाय ताऱ्याच्या वस्तुमानाचे कृष्णविवर इतके थंड असते की त्यातून वस्तुमानरहित कणच मुख्यत्वे बाहेर पडतात, आणि फोटॉनचा प्रतिकण तर फोटॉनच असतो. दुसरी चूक जागेची. या प्रारणाची ठळक तरंगलांबी क्षितिजाच्या त्रिज्येच्या कित्येक पट असते, त्यामुळे क्षितिजालगतच्या अमुक बिंदूपाशी कण जन्मला, असे म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही.

तापमानाचा आकडाही एकदा काढून पाहावा. सूर्याएवढ्या कृष्णविवराचे तापमान एका केल्विनच्या दहा कोटी भागांपैकी सुमारे ६ भाग भरते, तर विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीचे तापमान २.७ केल्विन आहे. म्हणजे असे कृष्णविवर आज जेवढे देते त्याहून कितीतरी जास्त घेते. आज खरोखर आटण्यासाठी त्याचे वस्तुमान चंद्राहून कमी असावे लागेल.

एन्ट्रॉपीची मोजदाद: येथे खरी गफलत होते

जेकब बेकेन्स्टाइन यांनी कृष्णविवराची एन्ट्रॉपी क्षितिजाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असल्याचे सुचवले आणि हॉकिंग यांच्या गणिताने तो गुणक निश्चित केला: प्लांक लांबीच्या (गुरुत्वाकर्षणात पुंजपरिणाम महत्त्वाचे ठरतात त्या अतिसूक्ष्म लांबीच्या) वर्गाच्या एककात मोजलेल्या क्षेत्रफळाचा एक-चतुर्थांश. सूर्याएवढ्या कृष्णविवरासाठी हे उत्तर साधारण १० चा ७७ वा घात येते. एन्ट्रॉपी म्हणजे सूक्ष्मावस्थांची मोजदाद असेल, तर एवढ्या अवस्था कशाच्या, हा प्रश्न जवळपास पाव शतक अनुत्तरित होता.

अँड्र्यू स्ट्रॉमिंजर आणि कुमरुन वाफा यांनी १९९६ मध्ये एका विशिष्ट वर्गातील कृष्णविवरांसाठी ही मोजदाद केली आणि तो एक-चतुर्थांश गुणक अचूक मिळाला. तो वर्ग कोणता, हे मात्र विसरू नये. ही कृष्णविवरे पाच मितींच्या अवकाशकालातील, अनेक प्रकारचे भार धारण करणारी, एक्स्ट्रीमल, म्हणजे त्या भारांसाठी शक्य तेवढे किमान वस्तुमान असलेली, आणि अतिसममित, म्हणजे द्रव्यकण आणि बलवाहक कण यांना जोडणारी सममिती पाळणारी, होती. त्यांचे हॉकिंग तापमान शून्य असते. आकाशातील कृष्णविवरांवर विद्युतभार जवळजवळ नसतो आणि ती या वर्गात मोडत नाहीत.

यापेक्षाही सूक्ष्म आणि अधिक प्रमाणात होणारी चूक म्हणजे ‘कृष्णविवराच्या आतील स्ट्रिंग मोजल्या’ असे लिहिणे. मोजदाद झाली ती स्ट्रिंगमधील परस्परक्रिया क्षीण असताना, आणि त्या स्थितीत कृष्णविवर अस्तित्वातच नसते. असतात त्या एकमेकींवर रचलेल्या डी-ब्रेन, म्हणजे स्ट्रिंगची टोके ज्यांना चिकटतात अशा वस्तू, ज्यांचे भार जोसेफ पोल्चिन्स्की यांनी १९९५ मध्ये ओळखले होते. परस्परक्रिया तीव्र केली की तीच प्रणाली कृष्णविवर बनते. या वाटचालीत अवस्थांची संख्या बदलत नाही, याची हमी अतिसममिती देते. ज्या कृष्णविवराला ही हमी नाही, त्याला हे उत्तर सरसकट लावता येत नाही. माझ्या मते या एका परिच्छेदाएवढी समज नसेल, तर पुढची सूत्रे पाठ करण्यात अर्थ नाही.

आता गणित स्वतः करताना उत्तर जुळत नसेल तर काय तपासावे, ते पाहू. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या नमुन्यात तीन पूर्णांक असतात: एक-मितीय ब्रेनची संख्या, पाच-मितीय ब्रेनची संख्या आणि संवेगाची संख्या. एन्ट्रॉपी येते ती २ गुणिले पाय गुणिले या तिन्ही संख्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. क्षेत्रफळाच्या बाजूने हे उत्तर आले नाही, तर प्रथम मेट्रिक, म्हणजे अवकाशकालातील अंतरे मोजण्याचे सूत्र, पाहावे: क्षेत्रफळ आइन्स्टाइन चौकटीतील मेट्रिकने मोजायचे असते, आणि स्ट्रिंग चौकटीतील मेट्रिक तसेच वापरल्यास डायलॅटॉनचा (स्ट्रिंगमधील परस्परक्रियेची तीव्रता ठरवणाऱ्या क्षेत्राचा) घटक आगंतुकासारखा मध्ये शिरतो. नंतर मिती तपासाव्यात. पाच मितींमध्ये क्षितिज त्रिमितीय असते, तेव्हा तेथील ‘क्षेत्रफळ’ लांबीच्या घनात मोजले जाते, आणि न्यूटनचा स्थिरांकही पाच मितींचाच घ्यावा लागतो. चार मितींतला स्थिरांक घेतल्याचे लक्षात येण्याचा सोपा उपाय म्हणजे एन्ट्रॉपीला एकक उरते का, ते बघणे.

अवस्था मोजण्याच्या बाजूने अडचण आल्यास बहुधा अवस्थांची संख्या देणाऱ्या कार्डी यांच्या सूत्राची अट मोडलेली असते. ते सूत्र द्विमितीय कॉन्फॉर्मल (मोजपट्टी बदलली तरी तसाच राहणाऱ्या) सिद्धांताच्या उच्च ऊर्जापातळ्यांसाठी आहे. येथे मध्यवर्ती भार, म्हणजे त्या सिद्धांतातील स्वतंत्र घटकांच्या संख्येचे माप, दोन्ही ब्रेन-संख्यांच्या गुणाकाराच्या सहापट असतो आणि संवेगाची संख्या त्या मानाने मोठी असायला हवी. दोन्ही ब्रेन प्रत्येकी १० आणि संवेगही १० घेतला, तर मध्यवर्ती भार ६०० आणि पातळी केवळ १० असे होते, म्हणजे सूत्राची अट पाळली जात नाही. तरीही उत्तर जुळते आणि विद्यार्थी बुचकळ्यात पडतो. कारण असे की तुकडे जोडून १०० पट लांब झालेली एकच स्ट्रिंग जास्तीत जास्त अवस्था पुरवते, आणि तिच्यासाठी मध्यवर्ती भार ६ व पातळी १००० असते. मग सूत्र लागू पडते आणि दोन्ही बाजूंचा गुणाकार तोच राहतो.

ब्रेन नसलेल्या एकाकी स्ट्रिंगबाबत वेगळी पंचाईत होते. मुक्त स्ट्रिंगची एन्ट्रॉपी वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, तर चार मितींतील श्वार्झशिल्ड कृष्णविवराची वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात. हे पाहून काही जण दोघांचा मेळच नाही, असा निष्कर्ष काढतात. परस्परक्रियेची तीव्रता बदलली की न्यूटनचा स्थिरांकही बदलतो, हे ते विसरतात. लिओनार्ड ससकिंड यांनी सुचवलेल्या आणि पुढे गॅरी होरोविट्झ व पोल्चिन्स्की यांनी विस्तारलेल्या मांडणीत तुलना करायची ती क्षितिजाची त्रिज्या स्ट्रिंगच्या लांबीएवढी होते त्या टप्प्यावर, आणि तेथे दोन्ही एन्ट्रॉपी साधारण सारख्याच मापाच्या येतात. नेमका गुणक मात्र या मार्गाने मिळत नाही. अशोक सेन यांनी १९९५ मध्ये अभ्यासलेल्या काही एक्स्ट्रीमल कृष्णविवरांत तर अभिजात क्षितिजाचे क्षेत्रफळ शून्य येते. म्हणून एन्ट्रॉपी शून्य असे लिहून मोकळे होऊ नये. तेथे आइन्स्टाइनच्या समीकरणांतील दुरुस्त्या महत्त्वाच्या ठरतात, आणि क्षेत्रफळाच्या चतुर्थांशाऐवजी रॉबर्ट वॉल्ड यांचे व्यापक सूत्र वापरावे लागते.

होलोग्राफी आणि माहितीचा प्रश्न

हुआन माल्दासेना यांनी १९९७ मध्ये मांडलेले द्वैत, म्हणजे अवकाशकालातील गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत आणि त्याच्या सीमेवरील गुरुत्वाकर्षणरहित सिद्धांत एकच असल्याची मांडणी, ऋण वैश्विक स्थिरांकाच्या अवकाशकालासाठी आहे. १९९८ मधील अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांवरून आपल्या विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे दिसते, म्हणजे येथील स्थिरांक धन असल्याचे मानले जाते. ‘आपण होलोग्राममध्ये राहतो’ हे विधान म्हणूनच त्या द्वैतातून निघत नाही. त्या अवकाशकालातील मोठी कृष्णविवरे आटतही नाहीत. आपल्याच प्रारणाशी ती समतोलात राहतात. ती आटवायची असतील, तर सीमेवर प्रारण शोषून घेणारी बाहेरची प्रणाली जोडावी लागते, आणि ही जोडणी न सांगता आटण्याचा आलेख काढणे ही नेहमीची चूक आहे.

अशी जोडणी करूनच २०१९ मध्ये दोन स्वतंत्र शोधनिबंधांत डॉन पेज यांनी १९९३ मध्ये अपेक्षिलेला वक्र मिळाला: प्रारणाची एन्ट्रॉपी आधी वाढते आणि नंतर उतरते. त्यावरून माहितीचा विरोधाभास (कृष्णविवर आटल्यावर आत पडलेल्या वस्तूची माहिती नष्ट होते की नाही, हा प्रश्न) संपला असे म्हणणे घाईचे आहे. गणिताने एन्ट्रॉपीचा आलेख दिला. आत पडलेल्या वस्तूची माहिती प्रारणात कोणत्या रूपाने आणि कोणत्या यंत्रणेने उतरते, हे त्यातून निघाले नाही. शिवाय त्या गणिताचा मोठा भाग गुरुत्वाकर्षणाच्या अर्ध-अभिजात (द्रव्य पुंजवादी, पण अवकाशकाल अभिजात मानणाऱ्या) पद्धतीवर चालतो, त्यामुळे त्याचे संपूर्ण श्रेय स्ट्रिंग सिद्धांताच्या खात्यावर टाकणेही योग्य नाही.

छायाचित्र म्हणजे पुरावा नव्हे

एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम-८७ च्या प्रतिमेत क्षितिज दिसते, असे सर्रास लिहिले जाते. दिसते ती सावली, आणि न फिरणाऱ्या कृष्णविवरासाठी तिची त्रिज्या क्षितिजाच्या सुमारे २.६ पट असते, कारण जवळून जाणारे किरण वळून आत खेचले जातात. ही प्रतिमा आणि २०१५ पासून टिपल्या जाणाऱ्या गुरुत्वीय लहरी सामान्य सापेक्षतेची कसोटी घेतात. स्ट्रिंग सिद्धांताच्या बाजूने किंवा विरुद्ध त्या कौल देत नाहीत. प्लांक लांबी एका मीटरला १० च्या ३५ व्या घाताने भागल्याएवढी आहे, तर एम-८७ मधील क्षितिजाची त्रिज्या १० च्या १३ व्या घाताएवढ्या मीटरची. या दोहोंमध्ये ४८ घातांचे अंतर आहे, आणि त्या प्रतिमेतील सर्वांत बारीक तपशीलही क्षितिजाच्याच मापाचा आहे.